पहिल्या गिअरमधली चंद्री

बानाबाईला गाडी चालवता येते, पण एक दुपार सोडली तर पहिल्या गिअरच्या पुढं ती कधी गेलेली नाही. गरजच पडली नाही. मेंढरांच्या चालीनं चालायचं तर पहिला गिअर पुरतो, आणि गाडी मेंढरांसाठीच आहे. पैठण रोडवर मागून येणारे ट्रकवाले हॉर्न वाजवून बेजार होतात. मोटरसायकलवाली पोरं मोबाईल काढून तिचे व्हिडिओ घेतात. डोक्यावरून घट्ट पदर, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, स्टिअरिंगवर दोन्ही हात, गाडीचं मागचं दार सताड वर उघडलेलं, आत कोकरांची दाटी, आणि गाडीच्या मागं कडेकडेनं चाललेली शे-दीडशे मेंढरं. हे व्हिडिओ लोकांनी लई पाहिले म्हणतात. बानाबाईनं एकही पाहिला नाही. तिला फुरसत कुठली?

ती जन्मली तीच मेंढरांच्या मागं, हर्सूलच्या तलावापलीकडच्या माळावर. बिडकीनच्या मुंजाबाला दिली तेव्हा अंगाची हळदही पुरती उतरली नव्हती आणि पाय वाटेला लागले होते. धनगराच्या बिऱ्हाडात कामाची वाटणी आधीच ठरलेली असते. पुरुषानं मेंढरं हाकायची आणि बाईनं घोडं घेऊन पुढं जायचं. घोड्यावर पाल, भांडीकुंडी, घोंगड्या, कोंबड्यांचं डालगं, आणि दोन्ही बाजूंच्या झोळ्यांत नुकती जन्मलेली, चालता न येणारी कोकरं. पुढच्या मुक्कामाला पोचायचं, पाल ठोकायचं, पाणी शोधायचं, चूल पेटवायची, भाकरी थापायच्या, आणि मागून मेंढरं घेऊन आलेला मुंजाबा टेकता टेकता म्हणणार, "तुझं बरंय बाबा, तुला घोडं हाय." घोडं होतं ना, पण त्याच्यावर बसायला जागा कुठं होती? बानाबाई घोड्याच्या शेजारून पायीच चालायची, लगाम हातात धरून.

शेवटची घोडी चंद्री. ती म्हातारी होऊन मेली तोवर बानाबाईचे गुडघेही गेले होते. घाटी दवाखान्यातल्या डॉक्टरनं सांगितलं, चालणं बंद करा. बानाबाई हसली, गोळ्या पदराच्या गाठीला बांधल्या आणि चालत मुक्कामाला परतली.

त्या वर्षी तिच्या नशिबात ती गाडी आली. चितेगावच्या लक्ष्मणराव पाठकांच्या रानात दर हंगामाला मुंजाबाची मेंढरं बसायची. रात्री शेतात कळप बसवला की सकाळी रानाला आयतं खत मिळतं आणि धनगराला त्याचे दाणे-पैसे, असा हा जुना दस्तुर. लक्ष्मणराव शहरातल्या एका कचेरीतून रिटायर झालेले, डोळ्यांना कमी दिसायला लागलं म्हणून गाडी सोडलेले. त्यांची गाडी शेडमध्ये उभी होती. पुढून बघावी तर चारचौघींसारखी लहान गाडी, मागून बघावी तर छप्पर तसंच लांबवत शेवटपर्यंत नेलेलं, आणि शेवटाला वर उघडणारं दार.

"हिला स्टेशन वॅगन म्हणतात, बानाबाई," लक्ष्मणराव म्हणाले होते. "आपल्या लोकांना ही कधी पटली नाही. एक तर डिकी वेगळी मागं निघालेली पाहिजे, नाहीतर घराएवढी उंच गाडी पाहिजे. आमच्या पोरानं, देवेशनं, तसलीच घेतलीय. मला ती चढताना खांद्याला धरावं लागतं कुणाच्या तरी."

बानाबाईनं मागचं दार उघडलं. आतली जमीन तिच्या गुडघ्याएवढीच उंच होती. लक्ष्मणरावांनी मागचं सीट पाडून दाखवलं तशी आत लांबच्या लांब सपाट जागा झाली. तिन्ही बाजूंनी काच. बानाबाईनं जवळचं एक कोकरू उचललं, आत ठेवलं, आणि त्याची माय काय करते ते बघत राहिली. मेंढी आली, तिनं मान आत घातली, पिल्लू हुंगलं आणि तिथंच उभी राहिली. बानाबाईला काय ते कळलं. पुढचे तीन हंगाम मेंढरं फुकट बसवायच्या बोलीवर गाडी मुंजाबाच्या दारात आली. तिचं नाव काय ठेवायचं हा प्रश्नच आला नाही. चंद्रीची जागा रिकामी होती.

अंगदनं, म्हणजे तिच्या लेकानं, आईला शिकवलं ते बिडकीनच्या नव्या औद्योगिक पट्ट्यात. तिथं कारखान्यांच्या आधी रस्ते आले होते. चार चार पदरी, दिव्यांचे खांब रांगेत, आणि गाडी एकही नाही. बानाबाई तिथं बिनघोर चुकत शिकली. अंगदची बायको ज्ञानेश्वरी मागं बसून हसायची, मग तिनंही पुढं बसून शिकून घेतलं. मुंजाबा मात्र गाडीत कधी बसला नाही. मेंढरं पायी आणि आपण गाडीत, ही बेइमानी झाली असं त्याचं म्हणणं. बेइमानी फक्त पुरुषाला लागते, असंही त्याचं म्हणणं असावं.

पाच-सहा वर्षं अशी गेली. पाणंदीतून, दोन्हीकडच्या कपाशीला न घासता चंद्री निघायची. भुरभुर आली तर मागच्या वर उघडलेल्या दाराखाली चूल पेटायची. कोकरं मायांच्या नजरेसमोर राहायची, आणि माया गाडीच्या मागं चालायच्या, त्यांना हाकावं लागायचं नाही. सगळं खरं. पण दिवस उजाडायच्या आत उठणं तेच होतं, पाणी आणणं तेच, पाल, भाकरी, धुणं, कोकरांना मायांच्या कासेला लावणं, सगळं तेच. चालणं तेवढं गेलं. बाकीच्यानं बानाबाई दमून गेली होती. झोपून उठल्यावरही जात नाही असा तो शीण होता. तिला आता एकच गोष्ट पाहिजे होती. मरायच्या आधी थोडं बसायला मिळावं.

म्हणून दिवाळीच्या सुमारास अंगद मोठं पिकअप घेऊन आला तेव्हा ती कुणाला वाटलं तशी रुसली नाही.

अंगद चितेगावच्या एका कंपनीत कामाला. हुशार पोरगा, मनानं चांगला, पण गावात ज्याच्या त्याच्या दारात उंच गाडी उभी राहिलेली बघून त्याचाही जीव उंच व्हायला लागला होता. सुट्टीच्या दिवशी भाडी मारता येतील, असा हिशेब. पिकअपला हार घातला, नारळ आणला. बानाबाईला म्हणाला, "माय, वर चढून बस एकदा."

तिचा पाय पायरीला पोचेना. ज्ञानेश्वरीनं पाट आणला, तरी पोचेना. बानाबाईनं खालूनच नारळ फोडला. "एवढं उंच कशाला बसायचं रे? आभाळात मेंढरं हायत का?"

सगळे हसले. ज्ञानेश्वरी म्हणाली, "मी चालवून बघू का?"

"तुला नाय झेपायची, मोठी हाय," अंगद म्हणाला. तिनं पाट उचलला आणि आत नेला.

त्या संध्याकाळी अंगदनं बेत सांगितला. औंदा तो रजा काढून स्वतः येणार. पिल्लं पिकअपमध्ये भरली की अर्ध्या तासात पुढच्या मुक्कामाला. मेंढरं आपली चालत येतील मागून. "माय, तू येऊ नको. तू घरी बस आता. लई झालं तुझं."

"आन् भाकरी?" मुंजाबानं विचारलं. त्याची जिकीर तीच.

"मी हाय ना, मामंजी," ज्ञानेश्वरी म्हणाली.

"चालंल," बानाबाई म्हणाली. इतक्या लगेच म्हणाली की मुंजाबानं घास हातात धरून तिच्याकडं बघितलं.

चंद्री लिंबाखाली लावली. भंगारवाला पुढच्या आठवड्यात येणार होता, कागदांची मुदतही संपत आली होती. बानाबाईनं जाता जाता तिच्या टपावरून हात फिरवला. तिला वाईट वाटायला पाहिजे होतं. तिला झोप येत होती.

बिऱ्हाड निघून गेलं आणि बानाबाई घरी एकटी राहिली. दारात प्लॅस्टिकची खुर्ची टाकली आणि बसली. पहिल्या दिवशी बसल्या बसल्या अशी झोपली की शेजारची पारूबाई नाकापुढं हात धरून बघून गेली. दुसऱ्या दिवशी इतक्या वर्षांचं दुखणं एकदम वर आलं. खांदे, कंबर, पायाच्या पोटऱ्या, सगळे आपापली तक्रार घेऊन आले. तरी तिला ते आवडलं. पाणी नळाला, चूल गॅसची, डोक्यावर पंखा. पारूबाई चहा घेऊन आली, म्हणाली, "काय बाई, रिटायर झालीस का काय?"

"व्हय," बानाबाई म्हणाली. तो शब्द तोंडात धरून तिनं चहा पिला.

फोन तिसऱ्या दिवशी दुपारी आला. मुंजाबा फोनवर बोलतो तेव्हा फोनची गरज नसते, त्याचं ओरडणं तसंही दोन शिवारं ओलांडतं.

"अंगदची माय! मेंढ्या पिल्लं घेऊ नाय रायल्या!"

"कोणाचं पिल्लू?"

"समद्यांची! हुंगत्यात आन् ढुशी देऊन उडवत्यात. काही तं मागं पळू रायल्या, कालच्या मुक्कामाकडं. मी आन् कुत्री रोडवर आडवे पडलो तवा थांबल्या. ट्रकखाली जात व्हत्या दोन." मागं कोकरांचा कल्ला ऐकू येत होता. "तू ये इथं, पाठकांच्या रानात. काय तरी कर."

बानाबाईनं फोन ठेवला. तो लगेच पुन्हा वाजला. तिनं उचलला नाही. खुर्चीत बसून वाजू दिला. त्यांचं ते बघतील, तिच्या मनात आलं. लेक आहे, सून आहे, म्हातारा आहे, आभाळाएवढी गाडी आहे. एका वर्षी तरी माझ्यावाचून होऊ दे. फोन वाजून वाजून थांबला. तिला राग आला होता आणि त्या रागात तिला बरंही वाटत होतं.

तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मात्र तिनं उचलला. एवढंच विचारायचं म्हणून उचलला. "आवो, बांडीचं काय?"

बांडी म्हणजे पांढऱ्या अंगावर काळे पट्टे असलेली मेंढी. तिची माय बाळंतपणात गेली, आणि बानाबाईनं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवली. औंदा तिचं पहिलंच पिल्लू होतं.

"तिनं तं फेकूनच देलं पिल्लाला," मुंजाबा म्हणाला, आणि पहिल्यांदा त्याचा आवाज खाली आला. "उठू नाय रायलं ते."

बानाबाई उठली. चपला घातल्या, दार ओढून घेतलं. उठताना तिच्या तोंडून एक शिवी गेली. ती कुणाला दिली हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

चंद्री लिंबाखाली होती. टपावर पाला पडला होता. किल्ली फिरवली तशी थोडी खोकली आणि सुरू झाली. पैठण रोडला लागल्यावर पहिल्या गिअरमध्ये गाडी नुसतीच ओरडायला लागली, चालेना. मेंढरं मागं नव्हती, कुणासाठी थांबायचं नव्हतं. अंगदनं शिकवलेलं आठवून बानाबाईनं दुसरा टाकला, मग तिसरा. झाडं मागं पळाली. भीतीनं तिची बोटं स्टिअरिंगला चिकटली होती, आणि चितेगावपर्यंत ती मोठ्यानं देवाचं नाव घेत होती.

पाठकांच्या रानात कळप उभा होता. एका बाजूला तटतटलेल्या कासांच्या मेंढ्या, दुसऱ्या बाजूला उपाशी कोकरं, आणि मधे ज्ञानेश्वरी, घामाघूम, एक पिल्लू घेऊन एका मेंढीमागं धावत होती. पिकअप बांधावर उभं होतं, पाणंदीत मावत नव्हतं म्हणून. त्याचा हौदा लख्ख चमकत होता.

बानाबाईनं खाली पडलेलं बांडीचं पिल्लू उचललं आणि नाकाशी धरलं. मग दुसरं उचललं. मग अंगदकडं बघितलं.

"गाडी कशानं धुतली?"

"फिनाईलनं," अंगद म्हणाला. "लेंड्यांचा वास लागतो ना, माय. नवी गाडी. रोज धुतो."

"लेंड्यांच्या वासात तू मोठा झालास, मुडद्या!" बानाबाईचा आवाज फाटला. "मायेनं पिल्लू वळखायचं कशावरून? तोंडं सारखीच समद्यांची. वासावरच वळखती ती. तू समद्या पिल्लांना तुझ्या गाडीचा वास लावला. आन् दिवसभर नजरेआड नेली. ती म्हणती, हे माझं नव्हं, माझं मागं राहिलं. म्हणून मागं पळती."

मुंजाबा काठीवर हनुवटी टेकून उभा होता. हे त्यालाही ठाऊक असायला पाहिजे होतं, पण पिल्लं हे बाईचं काम, त्यानं त्यात कधी नाक घातलं नव्हतं. अंगदनं मान खाली घातली.

मग कामच सुरू झालं. अंगदनं पाणी तापवलं. एकेक कोकरू कोमट पाण्यानं धुवायचं, कडब्यावर कोरडं करायचं, त्याच्या मायेची धार काढून ते दूध पिल्लाच्या पाठीवर, शेपटीवर चोळायचं, थोडं मायेच्या नाकाला लावायचं, आणि दोघांना एकमेकांसमोर उभं करून वाट बघायची. ज्ञानेश्वरी मेंढी धरायची, बानाबाई चोळायची. कुणाचं पिल्लू कुणाचं, यावर दोघींचं एक-दोनदा वाजलं, आणि एकदा सून बरोबर निघाली. काही मेंढ्यांनी लगेच घेतलं. काहींनी दोन ढुश्या दिल्या आणि मग घेतलं. सूर्य कलला तोवर रानातला कल्ला हळूहळू कमी होत गेला. बानाबाईची कंबर वाकली ती सरळ होईना.

बांडी राहिली. तीन वेळा केलं, तरी तिनं पिल्लाला लाथच मारली. पहिलटकरीण ती, भेदरलेली. शेवटी बानाबाई चंद्रीच्या मागच्या दाराशी गेली. आत जुनी घोंगडी तशीच पडली होती. सहा वर्षांचा मेंढरांचा वास तिच्यात बसला होता, त्याला कुणाचं फिनाईल लागलं नव्हतं. तिनं पिल्लू घोंगडीत गुंडाळलं. ती काठावर बसली आणि पाय आत ओढून घेतले. कुणाच्या खांद्याला धरावं लागलं नाही. ज्ञानेश्वरीनं बांडीला आत लोटलं, दार खाली केलं आणि खिडक्या थोड्या उघड्या ठेवल्या.

आत तिघंच. बानाबाई बांडीच्या मानेत हात टाकून बसली. बांडी थरथरत होती. "मी बी अशीच व्हते गं," बानाबाई तिला म्हणाली. "मला बी नको वाटलं व्हतं. घे. नंतर बरं वाटतं." पुढं काय बोलली ते तिलाही आठवत नाही. बराच वेळ गेला. कधीतरी बांडीनं घोंगडी हुंगली, मग घोंगडीतलं डोकं हुंगलं, मग जिभेनं चाटलं. पिल्लू धडपडत उठलं आणि कासेला लागलं. काचेबाहेर मुंजाबा उभा होता. त्यानं कपाळावरचा घाम पुसला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायची तयारी झाली. पुढचा मुक्काम शहराला लागून असलेल्या सातारा परिसराच्या अलीकडं, तिथून शहराला वळसा घालून हर्सूलच्या बाजूला. अंगदनं पाल, भांडी, डालगं पिकअपमध्ये भरलं. कोकरं चंद्रीत गेली. "माय, आता पिल्लं चंद्रीतच," तो म्हणाला. "भंगारवाल्याला नाय म्हणून सांगितलं मी. कागदांचं बी करून घेऊ." तो मनापासून म्हणाला. त्याला वाटलं, आई खूश होईल.

चंद्री राहिली म्हणजे बानाबाई राहिली, हे कुणी बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती. सगळे आपापल्या कामाला लागले. बानाबाई स्टिअरिंगमागं बसली. किल्ली लावली. समोर पाणंद होती, पुढं रोड, त्याच्या पुढं हर्सूल, आणि हर्सूलच्या पुढं जिथं जिथं रान मिळेल तिथं. दारातली खुर्ची तिच्या डोळ्यांपुढं आली. पारूबाईला तिनं व्हय म्हणून सांगितलं होतं. क्लच दाबायला पाय उचलावा लागतो, तो तिच्यानं उचलेना. गुडघा दुखत होता म्हणून नव्हे. तिला नकोच होतं.

"काय झालं गं?" मुंजाबानं मागून आवाज दिला. "चल की!"

"मी दमले," बानाबाई म्हणाली.

मुंजाबा खिडकीशी आला. एवढ्या वर्षांत त्यानं हा शब्द तिच्या तोंडून ऐकला नव्हता. "दमलीस म्हंजी? दमलो तं मी बी..." तो बोलता बोलता थांबला. बानाबाईच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ती पुसतही नव्हती.

तेवढ्यात पुढचं दार उघडलं. ज्ञानेश्वरी पदर खोचून उभी होती. "उठा, आत्याबाई. तुमी मागं निजा."

"तुला येईल का?" अंगदनं पिकअपवरून विचारलं.

"तुमची मोठी नाय झेपायची म्हणला होता ना? ही झेपती मला. पहिल्या गिअरला काय लागतं?"

बानाबाई उतरली. गाडीला हात धरत धरत मागं गेली, काठावर बसली आणि आत सरकली. कोकरांनी अंग चोरून तिला जागा केली. घोंगडीवर ती आडवी झाली, डोकं पुढं, पाय उघड्या दाराकडं. तिच्यासारख्या ठेंगण्या बाईला जागा बरोबर पुरली. चंद्री हलली, एकदा बंद पडली, पुन्हा सुरू झाली, आणि मेंढरांच्या चालीनं चालायला लागली.

बानाबाईनं मान वर करून बघितलं. उभा जन्म ती कळपाच्या पुढं चालली होती, त्याच्याकडं पाठ करून. गाडी आली तेव्हाही नजर समोरच्या रोडवर असायची. चालतानाचा कळप समोरून तिनं कधी पाहिलाच नव्हता. आता सगळी तोंडं तिच्याकडं होती. रवंथ करणारी, धुळीनं माखलेली, एकामागं एक, सगळी तिच्याच दिशेनं चाललेली. बांडी सगळ्यांत पुढं होती. तिनं आत मान घातली, आपलं पिल्लू हुंगलं, मग बानाबाईचं पाऊल हुंगलं आणि पुन्हा चालायला लागली.

लांब मागं, धुळीच्या शेवटाला, मुंजाबा येत होता. एवढ्या अंतरावरून तो बारीक आणि म्हातारा दिसत होता. त्याला उघड्या दारात ती दिसली असावी, कारण त्यानं काठी वर केली. मागून एक ट्रक हॉर्न देत आला आणि वळसा घालून गेला. बानाबाईनं पाय थोडे आत ओढून घेतले आणि डोळे मिटले.